वहीतला शेवटचा रकाना

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही बाइंडिंग होऊन आली. बापू परवा संभाजीनगरला येणार आहे, त्याच्याजवळ देतो. सोबत आईचे धपाटे आहेत. आल्या दिवशीच खा, मैत्रिणींना वाटत बसून स्वतःला ठेवायचं विसरू नकोस.

फोनवर काही बोलायला जावं तर तू "हो पप्पा, हो पप्पा" करून ठेवतेस, म्हणून लिहायला बसलो. एमपीएससीच्या निकालाचं काढणार नाही. मामा जे बोलला तेही सोडून दे. तो तुझ्या आईच्या लग्नातही तसाच बोलला होता.

पानं मागंपुढं तर लागली नाहीत ना, हे बघायला वही चाळली. चुकांची वही तू फार नेटकी ठेवलीस. प्रश्न, मी काय निवडलं, बरोबर काय, आणि शेवटी कारण. पण त्या शेवटच्या रकान्यात पानामागून पान एकच, "मूर्खपणा". एका जागी "नालायक". पेन इतकं दाबलंय की अक्षर मागच्या पानावर उमटलंय. ताई, ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागेना.

पूर्णेचा प्रश्न बघ. पूर्णा ही तापीची उपनदी, हे विधान तू चूक ठरवलंस आणि खाली लिहिलंस, "येलदरीजवळ वाढून पूर्णा येत नाही, मूर्ख." अगं, येलदरीजवळ वाढलीस म्हणूनच चुकलं! आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून निघून गोदावरीला मिळते, ती तुला पाठ आहे. दुसरी सातपुड्यातून अमरावती, अकोला, बुलढाणा करत चांगदेवला तापीत जाते. नाव वाचल्याबरोबर तुझ्या डोळ्यापुढं आपलं धरण आलं. तिथं कारण लिहायचं ते असं, "एकाच नावाच्या दोन नद्या, ओळखीचीच धरली." हे लिहिलं असतंस तर पुढं तसं नाव आलं की हात थांबला असता. "मूर्ख" लिहून काय थांबणार?

दुकानात जळालेली मोटर येते तेव्हा शेतकरी म्हणतो, मोटरच खराब होती. मी खोलून बघतो. ठराविक कॉइल काळ्या आणि बाकीच्या कोऱ्या, म्हणजे एक फेज गेला होता. सगळ्या सारख्या काळ्या, तर लोड जास्त झाला. एका बाजूला आतली लोखंडी पत्ती घासलेली, तर बेअरिंग गेलं. रजिस्टरला गाव, एचपी, तारेचा गेज, टर्न म्हणजे तारेचे वेढे, आणि हे कारण लिहिल्याशिवाय मी नवी तार भरत नाही. नाहीतर तीच मोटर त्याच हंगामात परत दुकानात येते आणि बिचाऱ्याचं पाणी दुसऱ्यांदा बंद पडतं.

तू लहानपणी इथंच पोत्यावर बसून माझ्याबरोबर टर्न मोजायचीस. मधेच हिशेब सुटला की मोठ्यानं ओरडायचीस, "पप्पा चुकलं, चाळीसच्या पुढं गेलं!" तोंडावर जराही भीती नसायची. मी तार उलगडायचो, तू परत एकपासून. गिऱ्हाईक म्हणायचे, पोरगी पक्की आहे. मला आतून किती बरं वाटायचं, कधी बोललो नाही. ती पोरगी वहीत असं काहून लिहायला लागली, हेच मला समजेना.

तुझ्या पेपरातलं मला कळत नाही. पण शेवटच्या टेस्टचे चुकलेले प्रश्न तुझ्याच टिपणावरून वेगळे केले, तर निम्म्याहून जास्त तुला येत होते. कुठं "अयोग्य विधान ओळखा" होतं आणि तू योग्य शोधलंस. तेवढ्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लागली तरी किती वाचतील! खरोखर माहीत नव्हते ते थोडे. त्यांच्यासाठी पुस्तक उघड, बाकीच्यांसाठी तेच पुस्तक परत वाचून उपयोग नाही.

आणि अंदाजाचं. एका प्रश्नाला दोन मार्क, चुकला की अर्धा कटतो, म्हणजे चार चुकांत एक बरोबर उत्तर गेलं. म्हणून तू आता प्रश्नच सोडायला लागलीस असं दिसतं. दोन पर्याय खात्रीनं उडवून उरलेल्या दोनात अडकलीस तर उत्तर देण्यात फायदा आहे. चारही अनोळखी असताना मारून मात्र हाती फारसं लागत नाही. अंदाजानं बरोबर आलेले तर तू वहीत घेतच नाहीस. तेही लिही, ते तुला कुठं येत होते? पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, सीसॅट, आता पात्रतेपुरता, 200 पैकी 66. त्यातल्या दोन गणितांपायी रात्र जागवू नकोस.

बघ, भाषण झालं. तुझी आई म्हणतेच, पोरीला पत्र लिहा, पाढे देऊ नका. रागावू नकोस. तुझ्या अभ्यासाची मला काळजी नाही. रकान्यात स्वतःला शिव्या देणारी पोर रात्री खोलीवर एकटी असताना स्वतःला काय काय म्हणत असेल, ती काळजी आहे. परत तिथंच आलो. विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलो होतो.

आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठेवलंय, त्यासाठी येऊ नकोस. खोलीचं भाडं टाकलंय. सोयाबीन निघालं की टेस्ट सिरीजचे उरलेले भरतो. मामाकडून घेणार नाही, निश्चिंत राहा.

रविवारी टेस्ट झाली की फोन कर. मार्क सांगू नकोस. एक चुकलेला प्रश्न सांग आणि तो का चुकला ते सांग. मला त्यातलं काही कळलं नाही तरी समजेपर्यंत सांग, मी दुकान बंद करून बसतो.

तुझे,
पप्पा