अप्पांच्या प्याद्यासाठी जॉ

दांडिया बाजार, बडोदे
रविवार

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. माझी साखर आटोक्यात आहे, हिचे गुडघे तसेच. आता मुद्द्याचं.

वहिनी अप्पांचा बुद्धिबळाचा संच घेऊन आल्या होत्या. रावपुऱ्याचं घर रिकामं करताना माळ्यावर सापडला. काळ्याचं एक प्यादं गायब. नातू त्या जागी शर्टाचं बटण ठेवून खेळतो म्हणे. पेटीच्या तळाशी कागदात गुंडाळलेला सिसमचा एक तुकडा होता. काळी सेना ज्या लाकडाची, त्यातलाच उरलेला. वर अप्पांच्या पेन्सिलीतलं ते तिरकं ‘रा.’, म्हणजे राखीव. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? वहिनींनी तुकडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्हीच करा.’

तुकडा मोजला: लांबी 50 मिमी. प्यादं 46 मिमी उंच, बूड 22 मिमी. माझ्या लेथवर फिरणारं लाकूड धरतो तो चक; त्याच्या लोखंडी जॉमध्ये, म्हणजे जबड्यांमध्ये, काम घट्ट धरायचं तर निदान 20 मिमी आत जायला हवं. म्हणजे प्याद्याचं डोकं तरी जाणार किंवा बूड तरी. शिवाय चारही जॉचे दात सिसमवर उमटतील ते वेगळंच.

तू काय म्हणणार ते ठाऊक आहे: ‘मध्या, सरस लावून खाली ठोकळा चिकटव.’ नाही, बंड्या. इथे लाकडाच्या रेषा उभ्या आहेत, टोकाकडून लाकूड सरस पिऊन टाकतं आणि सांधा कच्चा राहतो. तुझ्या त्या दिव्याच्या खांबाने वर्कशॉपची ट्यूबलाइट फोडली तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. तू आजही दोष ट्यूबलाइटलाच देतोस. अप्पा काही बोलले नव्हते, फक्त झाडू आणून तुझ्या हातात दिला होता.

तर मी लाकडाचे जॉ केले. 18 मिमी प्लाय, दोन थर चिकटवून. बाभूळही होती घरात, पण प्लायमध्ये रेषा आडव्या-उभ्या असल्यामुळे कोपरा कुठेच कच्चा राहत नाही. चार चतकोर कापले, चकच्या मूळ जॉवर स्क्रूने बसवले आणि लाकडावर व लोखंडावर 1 ते 4 आकडे ठोकले. क्रमांक चुकला की गोलाई गेलीच. बाहेरचे कोपरे रंध्याने मोडून घेतले, नाहीतर फिरताना बोटांची सालटं निघतात.

खरी गंमत पुढे आहे. खोबण कोरायच्या आधी चक अगदी मागे एका छोट्या गोल खुंटीवर आवळला. चकच्या आतल्या चुड्यांना, म्हणजे आट्यांना, थोडी ढिलाई असतेच. काम धरताना ती ज्या बाजूला जाणार, त्याच बाजूला आधीच नेऊन ठेवायची. मग लेथ सावकाश ठेवून पुढून 22 मिमीची, 7 मिमी खोल खोबण कोरली. खुंटीमुळे चारही जॉमध्ये फट राहते, आवळायला तेवढी लागते. हे जॉ नेमके एकाच व्यासाला पूर्ण टेकतात. त्याहून बारीक किंवा जाड काम धरलं तर नुसत्या कडा लागतात. म्हणून हे जॉ फक्त त्या प्याद्यासाठीच. नंतर फेकून द्यायचे, त्याचं वाईट वाटत नाही.

आधी तुकडा दोन्ही टोकांना लेथच्या टोकदार सेंटरवर धरून बूड 22 मिमीचं करून घ्यायचं. सेंटरचा खालचा टोचा बनातीखाली झाकेल, वरचा डोक्यावरच्या त्या उरलेल्या 4 मिमीबरोबर कापला जाईल. मग बूड जॉमध्ये, समोरच्या टोकाला टेलस्टॉकचा टेका, आणि बारीक गोल पटाशी. सागवानाच्या तुकड्यावर करून पाहिलं, बुडावर ओरखडासुद्धा नाही.

आणि तरी माझा हात पुढे जात नाही. लाखेचं काय करू? अप्पांनी काळ्या सेनेला रंग लावला नव्हता, नुसती लाख. संखेड्याचे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, करतात तशी, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची आणि घर्षणाच्या उष्णतेने ती वितळवायची. ते तेव्हाच करावं लागतं, जेव्हा डोकं पूर्ण झालंय, टेलस्टॉक मागे गेलाय आणि 46 मिमीचं प्यादं 7 मिमीच्या पकडीवर एकटं उभं आहे. कांडी बाजूने दाबली की पकडीला झटका बसणार. सागवान टिकलं, पण सागवान मला पेटीभर मिळेल. हा तुकडा उडून फरशीवर आपटला तर दुसरा नाही. ‘रा.’ लिहिलेलं एकच लाकूड शिल्लक आहे.

एक विचार असा की लाख टेलस्टॉक असतानाच लावायची, आणि डोक्याचा शेवटचा ठिपका हाताने. पण तिथे चकाकी वेगळी दिसेल, आणि अप्पांच्या पंधरा प्याद्यांशेजारी ते मला रोज खुपेल. दुसरा विचार, टेलस्टॉकला लाकडाची छोटी वाटी कोरून बसवायची. ती डोक्याला नुसती टेकेल, टोचणार नाही. मग वाटीखालच्या जागेला लाख कशी पोचवायची? बोल.

तुझ्या नव्या घराचं वहिनींकडून कळलं, अभिनंदन. आदित्यची नोकरी पक्की झाली का? डोळ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस.

वहिनींना मी अजून तारीख दिलेली नाही. तू मुहूर्त न बघता निघ. पकडीला तुझी नजर आणि कांडीला माझा हात, असं ठरवू. येताना तुझी ती 6 मिमीची पटाशी आण, माझी धार घेऊन घेऊन आखूड झाली आहे. आणि नसशील येत, तर निदान वाटीबद्दल लगेच कळव.

तुझा,
मधू