पाच हजार वॅटचा स्पीकर

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की '5000 वॅट पीएमपीओ'च्या जाहिराती सुरू होतात. परवा शेजारच्या काकांनी असाच एक संच आणला. मी 22 वर्षं ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळतो, म्हणून जोडायला मला हाक मारली. मागची पट्टी वाचली, तर वीजवापर 60 वॅट! आत 60 जातात, मग बाहेर 5000 कुठून येणार? पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, हा नुसता कागदावरचा आकडा. विचारायचा असतो आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद. तो दुकानदाराने सांगितला नाही आणि काकांनी विचारला नाही.

त्यातही वॅटवर सगळं ठरत नाही. एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ती सेन्सिटिव्हिटी. माझ्या स्टेजच्या 15 इंची स्पीकरच्या खोक्याची 97 आहे, घरच्या स्पीकरची 87. हे 10 डेसिबल भरून काढायला घरच्या स्पीकरला दहापट वॅट द्यावे लागतात, आणि दिले की तो जळतो. एका मुंजीला टेम्पो आलाच नाही, म्हणून मी घरचे स्पीकर नेले होते. अंगणात पन्नासेक माणसं, वर ढोलकी. दुसऱ्याच गाण्याला ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचे छोटे स्पीकर) गेले आणि पुढचा सगळा कार्यक्रम गोधडीआडून आल्यासारखा झाला.

उलटा उद्योगही करून झालाय. स्टेजचा खोका 10 बाय 12च्या खोलीत लावला. गाणं हळू केलं की हॉर्नमधली, म्हणजे खोक्यातल्या उंच आवाजाच्या भोंग्यातली, 'स्स्स' तेवढी ऐकू यायची. चौथ्या दिवशी बायकोने त्यावर कुंडी ठेवली.

मी मिरजेचा, तंबोऱ्याच्या गल्लीत वाढलेला. घरासाठी स्पीकर घेताना दुकानात हळू आवाजात तंबोरा लावायला सांगतो. जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, बोलली तर घ्यायचा, नुसती घूं-घूं आली तर चहा पिऊन निघायचं. स्टेजसाठी मात्र ढोलकी वाजवून बघतो आणि मागे जाऊन शब्द कळतात का ते ऐकतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल उतरतात. म्हणून खोके डोक्यांच्या वर, स्टँडवर हवेत. जमिनीवर ठेवले की पुढच्यांचे कान किटतात आणि मागचे 'आवाज वाढवा' म्हणून ओरडतात.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा जाहिराती घेताना आरएमएस आणि सेन्सिटिव्हिटीचे आकडेही छापायला सांगावेत.

काकांचा संच दुकानदाराने परत घेतला नाही. सध्या त्यावर सकाळी सातच्या बातम्या लागतात. आमच्या घरापर्यंत येतात.

आपला,
एक वाचक, मिरज