ऑपरेटरला डुलकी न लागू देणारे सिनेमे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या अभिजात सिनेमांची यादी वाचली. यादीला नाव ठेवायचं नाही. पण 'अभिजात' म्हटलं की आमच्याकडचा माणूस पान उलटतो. हे शहाण्यासुरत्यांचं काम दिसतंय, आपलं नाही, असं त्याला वाटतं. म्हणून हे पत्र.

मी १९७१ पासून सोळा वर्षं तंबूतल्या सिनेमाचा ऑपरेटर होतो. बीड, परभणी, नांदेडकडच्या जत्रा केल्या. माळेगावच्या जत्रेत एका अंगाला तमाशाचे फड आणि दुसऱ्या अंगाला आमचा कर्णा. मशीन एकच, त्यामुळं वीस-बावीस मिनिटांनी रीळ संपलं की दिवा लावायचा. मी दुसरं रीळ चढवीपर्यंत बिड्या पेटायच्या, लेकरं बाहेर पळायची. एकच सिनेमा रात्री दोनदा, आठ-आठ दिवस. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जुळवत भोकातून मी पडदा कमी आणि माणसं जास्त पाहिली. माझी कसोटी साधी आहे. सोळाव्या खेळालाही ज्यात मला डुलकी लागली नाही, तो सिनेमा चांगला. या कसोटीला 'पिंजरा' उतरत नाही, रागावू नका. गल्ला सगळ्यात जास्त त्यानंच दिला, पण मध्यंतरानंतर माझे डोळे मिटायचेच.

'संत तुकाराम'ला मात्र एकदाही मिटले नाहीत. प्रभातचा १९३६ चा सिनेमा, दामले-फत्तेलालांचा. विष्णुपंत पागनीस तुकोबा. लोक पागनिसांसाठी यायचे आणि जिजाईचं बोलत घरी जायचे. गौरीबाईंनी ती जिजाई अशी केली आहे की आमच्या गल्लीतलीच कुणी वाटावी. पोरगं तापानं फणफणलेलं, नवरा भजनात. ही त्या लेकराला ओढत देवळात नेते आणि विठोबावरच वहाण उगारते. तिथं तंबूत बायकांच्या बाजूनं एकदम आवाज उठायचा. हसू होतं का रडू, ते मला सोळा वर्षांत कळलं नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि ती मागं राहते. घरी चार लेकरं आणि तसलाच नवरा असलेल्या बायांना कोण कुठं गेलं यापेक्षा कोण मागं राहिलं ते नीट कळतं.

त्यातल्या 'आधी बीज एकले'वरून एका कीर्तनकार बुवांचं आणि माझं वाजलं होतं. बुवा म्हणाले, हा गाथेतलाच अभंग. मी म्हणालो, नाही, सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलाय. बुवा गाथा घेऊन बसले, दोन दिवस शोधत होते. तिसऱ्या दिवशी फुकट सिनेमा बघायला आले.

दुसरा 'शेजारी', १९४१ चा, व्ही. शांताराम यांचा. एक हिंदू आणि एक मुसलमान, जन्माचे शेजारी. गावाजवळ धरण व्हायचं असतं, जमिनी हव्या असतात, म्हणून कंपनीचा माणूस दोघांत पाचर मारतो. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. जागीरदारांचा मिर्झा बघून हा माणूस खरोखर मुसलमान नाही यावर आमचा रीळ उचलणारा पोऱ्या विश्वास ठेवायला तयार नव्हता. आम्ही हा सिनेमा लावला तेव्हा माजलगावच्या धरणाचं काम चालू होतं. सिंदफणेकाठची गावं उठायची होती आणि मोबदल्यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. वडील त्या रात्री आले होते, त्यांच्या वयाच्या चाचांना घेऊन. ४८ साली, निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी, गावात काय झालं ते दोघांनी मला कधी सांगितलं नाही. धरण फुटतं आणि दोघे मित्र सोबतच जातात तो शेवट झाला, मी दिवा लावला. तंबू रिकामा झाला तरी हे दोघे खालीच बसलेले. एकच बिडी दोघांत फिरत होती.

'सामना' मी तंबू बंद झाल्यावर नीट पाहिला. साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यानं तो बघावाच. निळू फुले हात न उचलता भीती घालतात. मारुती कांबळेचं काय झालं, एवढा एकच प्रश्न. त्यावर अख्खा सिनेमा उभा आहे.

आता 'दो बीघा जमीन'. १९५३ चा, बिमल रॉय यांचा. हिंदी आहे, पण सांगतो. शंभूला वाटतं आपल्यावर ६५ रुपये कर्ज आहे. जमीनदाराच्या कागदावर निघतात २३५. केलेली मजुरी कुठं मांडलेलीच नसते. पैसे फेडायला शंभू कलकत्त्याला जातो आणि माणसं बसवलेली रिक्षा ओढतो. त्यासाठी बलराज साहनी खरोखर कलकत्त्यात रिक्षा ओढायला शिकले होते, आणि ते त्यांच्या चालीत दिसतं.

परवा, कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, कारखान्यावर निघायच्या आधी, नातवानं क्रिकेटची मॅच बघायला प्रोजेक्टर आणला होता. मॅच लवकर संपली. म्हणालो, आता माझं लाव. शाळेच्या भिंतीवर 'दो बीघा' लागला. त्याला तो दीडपट वेगानं पळवायचा होता. हातावर चापट मारली. ६५ चे २३५ झाले तिथं मागून एक बाई म्हणाली, "उचल अशीच असती." तोडणीआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देणारा मुकादम समोरच्या खुर्चीवर होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, मोबाईल मात्र खिशात घातला. रिक्षाचं चाक निखळलं तेव्हा लेकरं गप्प झाली. शेवटी शंभू आपल्याच गेलेल्या रानातली मूठभर माती उचलतो आणि राखणदार तीही टाकायला लावतो. मी सवयीनं दिव्याच्या बटणाकडं हात नेला. "थांबा आबा, लगीच नका लावू," असं कुणीतरी अंधारातनं म्हणालं.

पुढच्या यादीत एवढं करा, कुठला सिनेमा किती वेळाचा आहे ते छापा. आमच्याकडं रात्री वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्या हिशोबानं लावता येतो.

आपला,
तंबूतला एक जुना ऑपरेटर
ता. माजलगाव, जि. बीड