वळणावर थांबले नाही, त्याबद्दल

पुणे, 27 जानेवारी

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, हातपाय शाबूत आहेत. फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात आणि आई फोन घेते ती थेट नातवाच्या दहावीवर येते, म्हणून लिहितेय. शिवाय महाबळेश्वरच्या सायकल शिबिराचं मी तुम्हाला जे सांगितलं ते अर्धंच होतं.

आधी गुरुवारचं. पसरणी घाट पायथ्यापासून पाचगणीपर्यंत सायकलवर एका दमात चढायचा आणि वेळ मोजायचा, असा त्या दिवशीचा पाठ होता. सहा वाजता चढणार हे मीच आईला आदल्या रात्री बोलून गेले होते. पहिल्या वळणावर बाबा उभे असतील असं मात्र डोक्यात नव्हतं. कानटोपी, स्वेटर, हातात निळा थर्मास आणि कठड्यावर दोन पेले. दोन पेले मी नीट पाहिले, बाबा. म्हणजे दिसलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

मी हात वर केला, तोही अर्धवट, कारण चढावर हँडल सोडायची मला अजून धास्ती वाटते. आणि पुढे गेले. तेव्हा मनात चाललेला हिशोब सांगते: नाडीचे ठोके हवे तिथे आलेत, थांबलं की ते पडणार, मग सगळा आकडा वाया. वर पोचले तेव्हा घड्याळात 52 मिनिटं होती. कोच म्हणाले, तुमच्या वयाला छान आहे. (हे "तुमच्या वयाला" पाच दिवसांत बरेचदा ऐकलं. त्रेचाळीस म्हणजे काय फार नाही हो.) पाचगणीच्या बाजारात चहा घेतला आणि पहिल्या घोटालाच लाज वाटली. 54 मिनिटं लागली असती तर काय बिघडणार होतं?

संध्याकाळी फोन केला तर बाबा म्हणाले, "तिकडं कामाला आलो होतो." सकाळी सहाला, पसरणीच्या पहिल्या वळणावर, दोन पेले घेऊन.

आई, तुझा राग वेगळा आहे, माहितीये. पोराची दहावी महिन्यावर आणि आई पाच दिवस डोंगरात सायकली हाकतेय. तुझ्या जागी मीही हेच बोलले असते. पण खरं सांगू? तुझा नातू मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा त्याचा चेहरा सुट्टी लागल्यासारखा होता. मी घरात असले की दर अर्ध्या तासाला "झालं का रे" करते. परत आले तर बीजगणिताची वही संपलेली. बापलेकांनी पाच दिवसांत चार वेळा मिसळ खाल्ली, तेवढं सोडून दे.

शिबिर म्हणजे नेमकं काय, हे तू दोनदा विचारलंस आणि मी "व्यायाम गं" म्हणून टाळलं. आम्ही बावीसजण होतो, त्यात बायका चार. गोव्यात 2019 पासून ती मोठी स्पर्धा होते ना, समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, लगेच 90 किलोमीटर सायकल, लगेच 21.1 किलोमीटर पळायचं आणि हे सगळं साडेआठ तासांत, तिची ही तयारी. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, चहूबाजूंनी घाट, म्हणून तिथे. पहाटे साडेचारला उठायचं. वेण्णा तलावाकाठी अशी थंडी की सायकलच्या दांड्याला हात चिकटतो. सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायला लावायचे, त्याला "ब्रिक" म्हणतात. पहिला किलोमीटर पाय आपले नसतातच, कुणाचे तरी मागून आणलेले वाटतात.

तुझ्या खजुराच्या लाडवांनी मात्र नाव काढलं. लांब चालवताना तासाला साठेक ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जायला हवी, असा नियम. लोक त्यासाठी महागडी जेलची पाकिटं चोखतात. कोचनी तुझा लाडू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाले, दर वीस मिनिटांनी एक. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा. त्यातले मी किती खाल्ले ते विचारू नकोस.

आणि हो, पाचगणीत भर चौकात पडले. बुटाच्या तळाला एक खटका असतो, तो पेडलमध्ये बसतो. थांबायच्या आधी टाच बाहेर फिरवून सोडवावा लागतो. सिग्नलही नव्हता, एक गाय आडवी आली. मी थांबले, पाय सुटला नाही आणि उभ्याची आडवी झाले. स्ट्रॉबेरीवाल्या मावशींनी उचललं. कोपर खरचटलंय, बाकी काही नाही. फोनवर "दार लागलं" म्हणाले होते, ते हे.

आता आंबेनळी. बाबा, तुम्ही त्या घाटाचं नाव काढलं की गप्प होता, ते 2018 च्या जुलैपासून. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांची बस दरीत गेली आणि एकटाच वाचला, त्या रात्री तुम्ही जेवला नव्हता. म्हणून मी "आम्ही बहुतेक तापोळ्याकडेच जाऊ" असं सांगितलं. शनिवारी आम्ही आंबेनळी उतरलो आणि चढलोही. पोलादपूरपर्यंत चाळीस किलोमीटर.

उतरताना तुमचं वाक्य आठवत होतं, "चढाला जो गिअर, उताराला तोच." सायकलला ते लागू नाही, इंजिनच नाही तर धरणार कोण. तिथे वेगळं शिकवलं: वळणाच्या आधी वेग मार, वळणात ब्रेकला हात नको, बाहेरच्या बाजूच्या पायावर भार दे आणि नजर वळणाच्या पुढे ठेव. दरीकडे बघितलं की सायकल दरीकडे जाते. सतत दाबून ठेवला तर ब्रेक तापतो, हे तर तुम्हाला मी काय सांगणार. छातीशी वर्तमानपत्र कोंबलं होतं, तुम्ही पहाटे डेपोला राजदूतवर जाताना कोंबायचा तसंच. बाकीच्यांना मोठी युक्ती वाटली. मी काही बोलले नाही.

खाली कोकणाचा दमट उकाडा. तिथून परत वर. पहिले वीस किलोमीटर मी मजेत होते, अगदी गाणं म्हणत. शेवटचे सात-आठ राहिले आणि डाव्या पोटरीत पेटका आला. उतरले. सायकल ढकलत चालले, सहाएकशे मीटर असतील. रडलेही थोडी, आजूबाजूला कुणी नव्हतं. माकडं होती.

एका अरुंद वळणावर समोरून एसटी आली. उतरणारी गाडी, मी चढणारी. ड्रायव्हरने गाडी मागेच, रुंद जागेत थांबवली आणि हाताने "या" केलं. वर येणाऱ्याला आधी वाट. आख्खी गाडी प्रवाशांनी भरलेली आणि ती एका लंगडणाऱ्या बाईसाठी उभी. जवळ गेले तर खिडकीतून विचारलं, "कुठनं आलाय ताई?" मी म्हणाले, पुण्याहून, पण मूळची वाईची, माझे वडील याच रस्त्यावर वाई-महाड गाडीला होते. तरुण पोरगा, तुम्हाला ओळखत असायचं कारण नाही. म्हणाला, "मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं. फुडच्या वळणाला खडी सांडलीय, डावीकडनं काढा." आणि गेला.

खडी होती. डावीकडून काढली. तिथून पुढे सायकलवर बसले आणि वरपर्यंत उतरले नाही. सगळ्यांत शेवटून दुसरी आले, हेही फोनवर राहिलं होतं.

आई, तापोळ्याचं तुला प्रत्यक्ष भेटूनच सांगणार होते, पण थोडं लिहिते. शिवसागरात, कोयना धरणाच्या पाण्यात, दीड किलोमीटर पोहलो. उघड्या पाण्यात तळाला रेषा नसतात. सात-आठ हात मारले की डोकं वर काढून समोरची खूण बघायची, नाहीतर माणूस भलतीकडे जातो. मी एका टेकडीवरचं एकटं झाड धरलं होतं. पाणी हिरवं-काळं, हातभर खालचं दिसत नाही. लोक धरणाचे 105 टीएमसी मोजतात. मला सारखं वाटत होतं की तुझ्या माहेरचं शिवार याच पाण्याखाली कुठेतरी आहे. नेमकं कुठे ते तुलाही सांगता यायचं नाही. गाव उठलं तेव्हा तू आठ-नऊ वर्षांची. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडतात, असं तू म्हणायचीस. काठावर आल्यावर सगळे फोटो काढत होते आणि मी कपडे बदलायच्या निमित्ताने टेम्पोमागे गेले. मे महिन्यात आपण दोघी जाऊ या का? तुला नको असेल तर राहू दे.

येत्या शनिवारी दुपारच्या स्वारगेट-वाई गाडीने येते. सायकल आणत नाही. बाबा, रविवारी सकाळी सहाला त्या पहिल्या वळणापर्यंत चालत जाऊ. तुमच्या गुडघ्याला जमेल तेवढ्या वेगाने. थर्मास मी धरीन.

तुमची,
ताई

ता. क. लाडवांचा डबा परत आणतेय. रिकामाच आहे, आई, समजून घे.