कराडची धावपट्टी वाढवाल, पण विमान उतरणार कशाच्या आधारानं?

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी अपशिंगे मिलिटरीचा, तालुका सातारा. आमच्या गावात पोरगा फौजेत गेला तर कुणी मान वर करून बघत नाही. बाकीच्यांच्या हाती रायफल आली, माझ्या हाती मल्टिमीटर. हवाई दलात वीस वर्षं रेडिओ फिटर होतो. गावात अजून 'वायरलेसवाला' म्हणतात.

कराड विमानतळाच्या विस्ताराचं निघालं की चर्चा दोनच गोष्टींची होते: धावपट्टी किती लांब आणि जमीन कुणाची जाणार. वारुंजी-मुंढे भागातल्या शेतकऱ्यांनी आपलं म्हणणं मांडलेलंच आहे, त्यात मी पडत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. जुलैत आगाशिवाच्या डोंगरावर ढग टेकले की त्या लांब धावपट्टीवर विमान उतरणार कशाच्या आधारानं?

नुसत्या नजरेनं उतरायचं तर ढगांचा तळ १५०० फुटांच्या वर हवा आणि ५ किलोमीटरपर्यंत दिसायला हवं. आमच्याकडचा पावसाळा एवढी मोकळीक रोज देत नाही. साधी आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीची वाट दाखवणारी यंत्रणा, असली तर वैमानिक २०० फुटांपर्यंत खाली येऊन मग ठरवू शकतो, उतरायचं की परत वर जायचं.

या आयएलएसमध्ये माझी निम्मी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे एक अँटेना असतो. तो ९० आणि १५० हर्ट्झ असे दोन सूर सोडतो. उतरणारं विमान डावीकडे सरकलं की ९० चा जोर वाढतो, उजवीकडे सरकलं की १५० चा. दोन्ही सारखे झाले म्हणजे विमान मधोमध. दुसरा अँटेना उताराचा कोन सांगतो, साधारण ३ अंशांचा. खरी गोम या दुसऱ्यात आहे. तो एकटा काम करतच नाही. समोरच्या जमिनीवर आपटून परतलेली लहर त्याच्या थेट लहरीत मिसळते, तेव्हा कुठे तो कोन तयार होतो. म्हणजे पुढची जमीन हाच अर्धा अँटेना.

उत्तरेतल्या एका तळावर (नाव सांगणार नाही) पावसानंतर अँटेनासमोर गवत माजलं, पाणी साचलं आणि रात्री दोनला मॉनिटरनं, म्हणजे सिग्नलवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रानं, सिग्नल हद्दीबाहेर गेल्याचं पकडून स्टेशन बंद केलं. बंद केलं ते बरंच केलं. गप्प झालेलं स्टेशन वैमानिकाला कळतं, खोटं बोलणारं कळत नाही. आम्ही पॅनेल उघडून बसलो, सगळं मीटर करून झालं, दोष कुठेच नाही. उजाडल्यावर विळे मागवले. डिप्लोमावाला मी, सकाळी गवत कापत होतो.

आता कराड डोळ्यांपुढे आणा. तिकडे गवत नाही, पुरुषभर उंच ऊस आहे. तो हटवून सपाट जमीन राखायची म्हणजे पुन्हा भूसंपादन आणि पुन्हा मोर्चे.

म्हणून सुचवतो की कराडच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून 'गगन' घ्या. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभी केलेली, उपग्रहांवरून विमानाला वाट दाखवणारी ही सोय आहे. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान तिच्या आधारानं उतरवून दाखवलं गेलं. तिला उसात अँटेना रोवावा लागत नाही. विमानात तसा रिसीव्हर मात्र हवा, आणि आगाशिव, सदाशिवगड, वसंतगड धरून उतरण्याची वाट आधी आखायला हवी. ती आखणी धावपट्टीचं टेंडर निघण्यापूर्वी करा. डोंगर नंतर हलवता येत नाहीत.

नुसती धावपट्टी पुरत नाही, हे संरक्षण खात्याला उमगलेलं आहे. मे २०२० मध्ये त्यांनी ३७ हवाई तळांच्या आधुनिकीकरणाचा करार केला तो आयएलएस, टॅकन (विमानाला दिशा आणि अंतर सांगणारं लष्करी रेडिओ स्टेशन), दिवे अशा उपकरणांसाठी. पुण्याहून विमान पकडणारा प्रत्येक सातारकर हवाई दलाच्या धावपट्टीवरूनच उडतो, लोहगावचा एटीसी, म्हणजे विमानांना उतरा-उडा सांगणारा कक्षही हवाई दलाकडेच आहे. लष्करी तळावर जे गृहीत धरलं जातं, ते आमच्या कराडच्या चर्चेत नावालाही नाही.

शेवटचं थोडं माझ्या बिरादरीचं. टॅकन विमानाच्या हाकेला ठरलेले ५० मायक्रोसेकंद थांबून उत्तर देतो, त्यावरून विमान अंतर काढतं. ते ५० जागेवर ठेवणारी माणसं आज जिल्ह्यात बँकेच्या दारात सिक्युरिटीच्या गणवेशात बसलेली आहेत. मी एकदा एका विमानतळावरच्या नोकरीसाठी गेलो, तर इंजिनिअरिंगची पदवी नाही म्हणून अर्जच घेतला नाही. लहान विमानतळांवर बोलण्याचा व्हीएचएफ सेट, हवामानाची उपकरणं, बॅटऱ्या हे सगळं रोज बघणारा माणूस लागतो. तिथे आमचा अनुभव धरावा.

मोजणीची माणसं कराडला पाठवाल तेव्हा कळवा, मी बरोबर फिरेन. फक्त ऊसतोड झाल्यावर पाठवा, त्याआधी बांधावर उभं राहून काही दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त सार्जंट, रेडिओ फिटर
अपशिंगे मिलिटरी, जि. सातारा