डबी बाजूला ठेवून नाणं बघायला लावणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. पण टेबलावरच्या दिव्याखाली तुम्ही आम्हा तिघांना जे दाखवलंत ते आपल्यातच ठेवणं बरं नव्हे. अमेरिकेतल्या कार्सन सिटी टांकसाळीचा चांदीचा डॉलर पहिल्यांदाच घ्यायला निघालेल्या कुणालाही उपयोगी पडावं म्हणून आभार जाहीर मानतोय, तेही तपशिलासकट.

अमेरिकी ट्रेझरीनं मार्च १९६४ मध्ये चांदीचे डॉलर देणं थांबवलं, तेव्हा तिजोरीत सुमारे तीस लाख नाणी उरली होती. त्यातली बहुतेक नेवाडातल्या कार्सन सिटी टांकसाळीची, कधीच बाजारात न फिरलेली. जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशननं, म्हणजे आपल्या बोलीतल्या जीएसए या अमेरिकी सरकारी खात्यानं, ती कडक पारदर्शक प्लास्टिकच्या होल्डरात घालून १९७२ ते १९७४ आणि मग १९८० मध्ये टपालानं विकली. आत काळी चौकट, बाहेर काळी डबी, सोबत कार्ड. एवढा थाट बघून माणूस भुलतो, आणि तुम्ही पहिला घाव तिथेच घातलात: होल्डरवरचा ‘अनसर्क्युलेटेड’ हा शब्द म्हणजे ग्रेड, नाण्याच्या दर्जाचा आकडा, नव्हे. नाणं फिरलेलं नाही, एवढंच तो सांगतो.

फिरलं नाही म्हणून ओरखडलं नाही, असं मुळीच नाही. एकेक नाणं २६.७३ ग्रॅमचं आणि तिजोरीतल्या एका पिशवीत अशी हजार, म्हणजे जवळजवळ २७ किलो. पिशवी उचलली, आपटली, की एका नाण्याची कड दुसऱ्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, गालात रुतते. त्यामुळे सरकारी होल्डरात एमएस (मिंट स्टेट, न फिरलेल्या नाण्यांची ६० ते ७० अशी प्रतवारी) ६१ आणि ६२ ची नाणी भरपूर निघतात. ६५ शोधावं लागतं.

बघायचं कसं, हे तर तुमच्याकडूनच शिकावं. ट्यूबलाइट बंद. जुन्या पद्धतीचा एकच पिवळा बल्ब, बाजूनं. नाणं आधी हातभर अंतरावरून बघायचं आणि होल्डर हळूहळू तिरका करत न्यायचा. चाकाच्या आऱ्यांसारखी लकाकी अखंड फिरली पाहिजे, मध्येच तुटली की तिथे काहीतरी आहे. मग लिबर्टीचा गाल, मग चेहऱ्यासमोरची मोकळी जागा. भिंग शेवटी, आणि तेही पाचपटीचंच. दहापटीच्या भिंगाखाली कुठलंच नाणं सुंदर दिसत नाही. केसांत दडलेला ओरखडा माफ, तोच गालावर असला तर ६५ चं ६३ होतं. कानावरचे केस सपाट दिसले तर घाई करायची नाही. तिथे लकाकी शाबूत असेल तर ठसा कमी उमटलाय, राखाडी पडली असेल तर झीज आहे.

प्लास्टिकवरचा चरा की नाण्यावरचा, या प्रश्नात आमचे सगळ्यात जास्त पैसे वाचले. होल्डर डावी-उजवीकडे कलला की प्लास्टिकवरचा चरा नाण्यावरून सरकतो आणि त्याची सावलीही सरकते. नाण्यावरचा जागचा हलत नाही. प्लास्टिकचा असेल तर मऊ कापडावर प्लास्टिक पॉलिशचे दोन थेंब घेऊन हलक्या हातानं गोल फिरवायचं. अ‍ॅसिटोन लावलं की प्लास्टिक दुधाळ होऊन कायमचं बिघडतं, आणि पाणी सांध्यातून आत गेलं की चांदीवर डाग. नाण्यांना ग्रेड देणाऱ्या एनजीसी कंपनीचा पट्टा होल्डरभोवती असेल तर त्याच्या जवळपाससुद्धा जायचं नाही. पट्टा फाटला की त्यावरची ग्रेडही गेली.

सांधा चारही बाजूंनी नखानं चाचपायचा. उचकटल्याची खूण, पांढुरका चट्टा किंवा तडा दिसला तर आतलं नाणं बदललेलं असू शकतं. कार्डावर विसंबायचं नाही. १९७२-७४ च्या कार्डावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे नाण्याच्या सालाचे, तेव्हा १८८२ च्या नाण्यासोबत ८४ चं कार्ड आलं तर कुणीतरी अदलाबदल केलीय. पण आकडे जुळले म्हणून सिद्ध काहीच होत नाही, कारण होल्डरवर क्रमांकच नाही.

डबीचे जादा पैसे कधी द्यायचे, यावर तुमच्याशी वाद घालून आम्ही हरलो. १८८४ ची ११,३६,००० नाणी पाडली, त्यातली ९,६२,६३८ या विक्रीत आली. तिथे सरकारी होल्डर ही काही नवलाई नाही, पैसे गालाचे. उलट १८७९ ची फक्त ४,१२३, १८९० ची ३,९४९, १८९१ ची ५,६८७. ही मूळ होल्डरात मिळणंच दुर्मीळ, तिथे प्लास्टिकलाही मोल. १८८९ चं तर एकच निघालं होतं. गंमत म्हणजे काळवंडलेली, चरे पडलेली नाणी जीएसएनं ‘अनसर्क्युलेटेड’ शब्द गाळलेल्या होल्डरात घातली. त्यांतल्या निळ्या-सोनेरी छटांच्या नाण्यांसाठी आज लोक भांडतात.

१८८० चं नाणं घेताना मागच्या बाजूच्या गरुडाची छाती बघायची, ही खूण आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. सपाट छाती आणि गरुडाच्या पायातल्या बाणाचं वरचं पीस दांडीला समांतर असेल तर मागचा ठसा १८७८ च्या धर्तीचा. विक्रेत्यानं तो ओळखून भाव लावलेला नसतो, असं बऱ्याचदा होतं.

आणि काका, तुम्ही चहा घेताना सहज सांगितलंत ते डोक्यातून जात नाही. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळले, आणि त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांनी हिंदुस्थानात रुपये पाडायला घेतली. आजोबांच्या काळातला मुंबई टांकसाळीचा एखादा रुपया हातात आला, की आता त्यात कार्सन सिटीचं काही असेल का, असं वाटतंच.

तळघरातल्या दमटपणाबद्दल बोललात त्याच आठवड्यात सगळे होल्डर वरच्या मजल्यावर कोरड्या कपाटात गेले, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. डब्या आणि कार्डं वेगळ्या पिशवीत.

तुमचं पाचपटीचं भिंग आमच्याकडेच राहिलंय. पुढच्या खेपेला घेऊन येतो.

आपले,
न्यू जर्सीतले तिघे