पोटऱ्या दुखतात त्या लावणीनेच, असं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी आजारांवर पानभर मजकूर होता. त्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर-गुरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा ताप) वाट्याला आल्या अडीच ओळी: ताप, डोकेदुखी, अंगदुखी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मी कुडाळ तालुक्यातला. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आता दीड एकर भात करतो. जुलैत आमच्या वाडीत एक फेरी मारा, अंग दुखत नाही असं म्हणणारा माणूस भेटणार नाही. दिवसभर ओणवं राहून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावायचा म्हटल्यावर दुखणारच. लेप्टो नेमका त्या दुखण्याच्या आड लपतो. गेल्या वर्षी माझी बायको त्यातून जाता जाता राहिली.

लावणी तेरा दिवस चालली. तिच्या टाचेला भेग होती, तिच्यावर हळद-तेल लावून रोज चिखलात. लावणी आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासता घासता तिला एकदम हुडहुडी भरली. तासाभरापूर्वी धडधाकट होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "लावणेचो ताप तो, दोन दिस पडान रव." रात्री मी तेल कोमट करून पोटऱ्या चोळायला घेतल्या, तर नुसता हात लागताच ती ओरडली. तीन बाळंतपणांत जी ओरडली नाही, ती. मला तिथेच कळायला हवं होतं. कामाने भरलेल्या पोटऱ्या चोळल्या की बरं वाटतं, या पोटऱ्यांना हात लावू देववत नव्हता. डोळेही लालबुंद झालेले, पण चिपडं नाहीत, पाणी नाही. मी म्हटलं, चुलीचा धूर.

जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून इंजेक्शन दिलं. शेतात उतरला होतात का, हे त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. दोष निम्मा निम्मा. रक्त तपासलं तर प्लेटलेट ८० हजार. डेंग्यू निगेटिव्ह आला, तरी मुंबईहून भाच्याचा फोन, पपईच्या पानांचा रस द्या. दिला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सुटलो असं समजलो. या आजारात ताप असा एक-दोन दिवस उतरून पुन्हा चढू शकतो, हे मला पुढे हॉस्पिटलात कळलं. सातव्या दिवशी ताप परतला, डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी आणि दिवसातून जेमतेम एकदा.

पिवळे डोळे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे झाडपाल्याचं औषध, हे आमच्या पंचक्रोशीत ठरलेलं. रिक्षा त्याच वाटेला लावली होती. चव्हाट्यावर आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, भेटल्या. त्यांनी डोळे पाहिले आणि दोनच प्रश्न विचारले: "काकी, लावणीला होतात ना? लघवी होते का नीट?" रिक्षा फिरवली. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी चार वेळा डायलिसिस करावं लागलं, १९ दिवस मुक्काम. लेप्टोत कावीळ दिसते तेव्हा किडन्याही बंद पडत असू शकतात. काहींना खोकल्यातून रक्त पडतं, धाप लागते, ते तर आणखी वाईट.

घरी परतल्यावर देवघराशेजारच्या डब्यात डॉक्सीसायक्लिनच्या कॅप्सुला सापडल्या. लेप्टो होऊ नये म्हणून आशाताईंनीच लावणीआधी दिलेल्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या. पहिल्या खेपेला छातीत जळजळलं म्हणून बाईसाहेबांनी ठेवून दिल्या होत्या. उपाशीपोटी, घोटभर चहाबरोबर घेऊन लगेच आडवी झाली होती, जळजळणारच. जेवून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि थोडा वेळ आडवं व्हायचं नाही. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

आमच्याकडच्या दुसऱ्या तापाचं, रानातल्या गोचिडीतून येणाऱ्या माकडतापाचं, एक बरं. काजूच्या दिवसांत रानात माकड मेलेलं दिसलं की अख्खं गाव सावध होतं. उंदीर कुठे मुतला याचा कोणाला पत्ता? आणि नुसता उंदीरच नव्हे, गुरं आणि कुत्री यांच्या लघवीतूनही हे जंतू पाण्यात येतात आणि भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. मुंबईकरांना हा आजार २६ जुलै २००५ च्या पुरानंतर माहीत झाला. त्यांच्याकडे पाणी तुंबतं. आम्ही ते बांध घालून मुद्दाम साठवतो आणि त्यात महिनाभर उभे राहतो.

तेव्हा विनंती अशी. पुन्हा छापाल तेव्हा 'अंगदुखी' एवढ्यावर सोडू नका. पोटऱ्या दाबल्या की कळ येते का, डोळे चिपडांशिवाय लाल आहेत का, लघवी कमी झाली का, हे लिहा. चिखलात उतरल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे जातात, म्हणून लावणी संपल्यावर आलेला तापही लावणीचाच असू शकतो, हेही लिहा. डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी लावणीला होतो' हेच सांगावं. रक्ततपासणीवरही विसंबू नये. शोधायच्या त्या अँटिबॉडी रक्तात दिसायला पाच-सात दिवस लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टला फारसा अर्थ नाही. संशय आला की डॉक्टर औषध सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत, आणि ते औषध, म्हणजे तीच डॉक्सीसायक्लिन, सुरुवातीला पुरतं.

यंदा आमचा तरवा वीतभर झाला आहे, आठवड्याभरात लावणी सुरू होईल. जागा असेल तर हे पत्र त्याआधी छापावे. नंतर छापलंत तर वाचायला घरात कोणी नसेल.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग